भागीदारी नको, पण भागीदार हवा

प्रश्न : मी गेली नऊ वर्षं कार्यालयांसाठी लाकडी टेबलं, कपाटं, पार्टिशन बनवते. हाताखाली १४ माणसं आहेत. लोखंडी फर्निचर बनवणारे एक कारखानदार आहेत. बऱ्याच ठिकाणी त्यांचं आणि माझं कोटेशन समोरासमोर येतं. कधी काम त्यांना मिळतं, कधी मला. गेल्या महिन्यात ते स्वतःहून भेटायला आले. म्हणाले, ‘आता सगळ्यांना लाकूड आणि लोखंड एकत्र हवंय. आपण मिळून कंपनी काढू, अर्धी तुमची, अर्धी माझी. म्हणजे एकमेकांविरुद्ध भाव पाडणंही थांबेल.’ त्याच आठवड्यात फर्निचर विकणाऱ्या एका मोठ्या साखळीकडून विचारणा आली. वर्षभर माझा सगळा माल ते उचलतील. पण भाव कमी, पेमेंट ९० दिवसांनी, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला माल द्यायचा नाही. चार वर्षांपूर्वी मार्केटिंग बघणारा माझा सहकारी सहा चांगले ग्राहक घेऊन वेगळा झाला. तेव्हापासून कोणावर विसंबायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. हिशेब बघणारा माझा भाऊ म्हणतो, भागीदारी म्हणजे ठरवून केलेलं भांडण. ज्यांना विचारावं ते ‘लांबचा विचार करा’ म्हणतात. पगार तर दर महिन्याला द्यायचा असतो. लांबचा विचार करायचा म्हणजे नक्की काय करायचं?
— एक उद्योजिका

उत्तर :

ताई, तुम्हाला निर्णय घ्यायचाय, म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. अर्ध्या-अर्ध्या वाट्याची कंपनी आत्ता काढू नका. साखळीच्या अटी आहेत तशा स्वीकारू नका, पण दारही लावू नका. आणि लोखंडवाल्या कारखानदारांबरोबर एक ऑर्डर करा. एकच, तीही मध्यम आकाराची. ती नीट पार पडली की दुसरी.

‘लांबचा विचार करा’ हा सल्ला फुकट असतो, म्हणून सगळे देतात. त्यात बहुतेकांना ‘धीर धरा’ एवढंच म्हणायचं असतं. पण धीर हा काही स्वभावाचा गुण म्हणून धंद्यात येत नाही. बँकेत सहा महिन्यांचा खर्च पडून असेल तर माणूस धीराने वागतो. दहा दिवसांचाच असेल तर भला भला माणूससुद्धा मिळेल त्या भावात माल काढतो. मोठ्या कंपन्यांच्या चिकाटीच्या गोष्टी सांगताना हे हमखास गाळलं जातं. ॲमेझॉन १९९४ साली सुरू झाली आणि पूर्ण वर्षाचा नफा तिने पहिल्यांदा २००३ मध्ये दाखवला, हे तुम्ही ऐकलं असेल. पण ती टिकली कशी? भांडवल उभं करता आलं, हे एक. दुसरं असं, की ग्राहकाचे पैसे पुस्तक विकल्याबरोबर हातात येत आणि पुरवठादाराचे काही आठवड्यांनी द्यायचे असत. मधल्या काळात दुसऱ्याच्या पैशावर धंदा वाढत होता. साखळी तुम्हाला जे देऊ करतेय ते याच्या नेमकं उलट आहे : धंदा तिचा वाढणार आणि मधले पैसे तुमचे वापरले जाणार.

याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. समजा, पहिला माल तयार व्हायला ३० दिवस लागले आणि डिलिव्हरीनंतर ९० दिवसांनी पेमेंट. म्हणजे पहिला पैसा १२० व्या दिवशी. तोवर तुम्ही चार पगार केलेले असतील, लाकूड, प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअर चार वेळा भरलेलं असेल, आणि दुसऱ्या कोणाला माल विकायची मुभा नसल्यामुळे बाहेरून एक पैसाही आलेला नसेल. ऑर्डर जितकी मोठी तितका खड्डा खोल. कारखाना नफ्यात असताना बंद पडतो तो असा. ताळेबंदात नफा दिसत असतो, पण कामगारांना द्यायला पैसे नसतात. भावाला सांगा, हे १२० दिवस आठवड्या-आठवड्याने मांड, आणि कोणत्या आठवड्यात बँकेतला आकडा शून्याखाली जातो ते लाल पेनाने दाखव. तो आठवडा दिसला की साखळीशी काय बोलायचं ते आपोआप सुचेल.

आता कारखानदारांकडे वळू. पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यात आधी त्यांच्या शेवटच्या वाक्याकडे गेलं : ‘एकमेकांविरुद्ध भाव पाडणंही थांबेल.’ त्यांनी सहज म्हटलं असेल. पण दोन स्पर्धकांनी आतून भाव ठरवणं, ग्राहक वाटून घेणं, किंवा टेंडरमध्ये एकाने मुद्दाम चढा भाव टाकून दुसऱ्याला वाट करून देणं हा बहुतेक देशांत स्पर्धा कायद्याखाली गुन्हा किंवा जबर दंडाचा विषय आहे. याउलट, दोघांनी मिळून एकच कोटेशन देणं आणि ग्राहकाला उघडपणे सांगणं की लाकडी काम यांचं, लोखंडी काम त्यांचं, हे वेगळं. पहिल्यात ग्राहकापासून काहीतरी लपवायचं असतं, दुसऱ्यात ग्राहकाला काहीतरी जास्त मिळत असतं. टेंडरात एकत्र उतरण्याआधी वकिलाला मात्र विचारा. आणि ज्या ठिकाणी तुम्ही दोघं वेगवेगळे भाव देणार आहात तिथे एकमेकांना फोन करायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत बोलून टाका. त्यांना राग आला तर तेही बरंच. लवकर कळलं.

तुमच्या पोटातला गोळा खोटा नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. पण चार वर्षांपूर्वी काय झालं ते जरा वेगळ्या बाजूने बघा. तुम्ही त्या घटनेतून ‘माणूस ओळखता आला नाही’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो. मला तसं वाटत नाही. त्या सहा ग्राहकांच्या फोनमध्ये कोणाचा नंबर होता? त्यांच्या तक्रारी कोण ऐकत होतं? आणि तो सहकारी निघून गेला तर त्याचं काय बुडणार होतं? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘त्याचा’ आणि ‘तो’, आणि तिसऱ्याचं ‘काहीच नाही’ असं असेल, तर दुसरा कोणीही गेलाच असता. आज नाही तर वर्षाने.

यावर एक जुना प्रयोग आहे, आणि तो धंदेवाल्यांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे. १९८० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक-प्रोग्रॅम्सची स्पर्धा भरवली. खेळ साधा : दोन खेळाडू, प्रत्येकाने दर डावाला एक तर साथ द्यायची किंवा दगा. दोघांनी साथ दिली तर तीन-तीन गुण. दोघांनी दगा दिला तर एक-एक. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगेबाजाला पाच आणि भोळ्याला भोपळा. एकच डाव असेल तर दगा देणंच फायद्याचं, हे कागदावर सिद्ध करता येतं. पण इथे प्रत्येक जोडी २०० डाव खेळणार होती. तज्ज्ञांनी १४ प्रोग्रॅम पाठवले, त्यांतले काही फार बेरकी होते. जिंकला तो सगळ्यांत छोटा. अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला. पहिल्या डावात साथ द्यायची आणि पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं, एवढीच त्याची चाल : ‘जशास तसे’. निकाल जाहीर करून ॲक्सेलरॉडनी पुन्हा स्पर्धा घेतली. आता ६२ प्रवेशिका आल्या, विजेता कोण हे सगळ्यांना माहीत होतं, त्याला पाडायचे डावपेच आखून लोक आले होते. तरी जिंकला तोच.

त्यातली गंमत अशी, की हा प्रोग्रॅम समोरच्यापेक्षा जास्त गुण कधीच मिळवत नाही. मिळवूच शकत नाही. तो प्रत्येक जोडीत बरोबरीत राहतो किंवा थोडा मागे. पण बेरीज केली की तो सगळ्यांच्या पुढे असतो, कारण तो जास्तीत जास्त जणांना साथ द्यायला भाग पाडतो. ‘त्या माणसाला माझ्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळाले तर?’ हा विचार तुमच्या डोक्यात आला असेल तर हा प्रोग्रॅम आठवा.

या स्पर्धेतली एक तांत्रिक गोष्ट तुमच्या कामाची आहे. पहिल्या स्पर्धेत २०० डाव आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग हुशार खेळाडू काय विचार करणार? शेवटच्या डावानंतर मला कोणी जाब विचारणार नाही, तेव्हा शेवटी दगा द्यावा. दुसऱ्या स्पर्धेत ॲक्सेलरॉडनी खेळ केव्हा थांबेल हेच अनिश्चित ठेवलं. तुमचा सहकारी निघाला तेव्हा त्याच्या दृष्टीने तो शेवटचा डाव होता. कारखानदारांबरोबर तुम्ही जे काही ठरवाल त्यात कोणालाच ‘आता हा शेवटचा’ असं वाटता कामा नये. एकाच मोठ्या कामापेक्षा दहा छोटी कामं एकामागून एक ठेवायची ती यासाठी. प्रत्येक काम संपताना पुढचं तोंडावर आलेलं असावं. लांबचा विचार करायचा तो इथे करा : समोरच्याला उद्या तुमच्याकडे परत यावंसं वाटेल, अशी आजच्या व्यवहाराची रचना करा. तो माणूस सज्जन निघाला तर उत्तम, पण रचना त्याच्या सज्जनपणावर उभी नको.

अर्ध्या-अर्ध्या कंपनीत हे साधत नाही. तिथे सगळे डाव एकदम खेळून टाकल्यासारखं होतं. कंपनी नोंदवली, पैसे घातले, नाव लावलं, आणि मग एकमेकांची कामाची पद्धत कळायला सुरुवात. शिवाय ५०-५० मध्ये मतभेद झाला की निकाल लावणारं कोणीच नसतं. एकाने ‘नाही’ म्हटलं की सगळं ठप्प. पुढे कधी कंपनी काढायची वेळ आलीच, तर सगळे शेअर पहिल्या दिवशी पदरात टाकू नका. नव्या तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये संस्थापकांचा वाटा चार वर्षांत हळूहळू त्यांच्या नावावर होतो आणि पहिलं वर्ष पुरं करण्याआधी जो सोडेल त्याला काहीच मिळत नाही, अशी पद्धत रुळली आहे. तीच तुम्हालाही वापरता येईल. पण ते पुढचं.

आता त्या एका ऑर्डरबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण भांडणं तत्त्वांवरून होत नाहीत.

समजा, ४० टेबलांचं काम आहे. पाय आणि फ्रेम त्यांची, वरची फळी तुमची. दोन्ही माल ग्राहकाच्या जागेवर एकत्र आला. फिटर फळी फ्रेमवर ठेवतो आणि स्क्रू बसत नाही. छिद्रं दोन मिलिमीटर सरकली आहेत. ते म्हणणार, आमची फ्रेम ड्रॉइंगप्रमाणे आहे. तुम्ही म्हणणार, फळी ड्रॉइंगप्रमाणे आहे. दोघंही खरं बोलत असाल, कारण तुम्ही कडेपासून माप घेतलं आणि त्यांनी मध्यापासून. आता ४० फळ्यांना नवी छिद्रं कोणी पाडायची, फिटरची दोन दिवसांची हजेरी कोणी भरायची, ग्राहकाला उशिराबद्दल कोणी सांगायचं? याचं उत्तर आधी लिहिलेलं नसेल तर त्या दिवशी तुमची भागीदारी संपली, मग कागदावर ती आणखी वर्षभर चालो. म्हणून काम सुरू होण्याआधी एक सॅम्पल टेबल दोघांच्या माणसांनी एकत्र जोडायचं. छिद्रांसाठी एकच जिग (छिद्रं नेमक्या जागी पाडायचा साचा) बनवायचा आणि त्याच्या दोन प्रती दोन कारखान्यांत. ड्रॉइंगवर माप कुठून घ्यायचं ते बाण काढून दाखवायचं आणि खाली दोघांच्या सह्या. आणि एक ओळ : जिगशी न जुळणारा माल ज्याचा, दुरुस्तीचा खर्च त्याचा. दोन्ही जुळत असूनही गोंधळ झाला तर अर्धा-अर्धा. ५०-५० साठी ही जागा योग्य आहे.

पैशाचंही असंच. टेबलांचे ग्राहकाकडून १०० येणार असं धरा. तुमचा खर्च ४८, त्यांचा २७, वाहतूक आणि फिटिंग मिळून ५. उरले २०. ‘नफा अर्धा-अर्धा’ म्हणजे दोघांना १०-१०. ऐकायला गोड. पण तुमचे ४८ अडकून तुम्हाला १०, आणि त्यांचे २७ अडकून त्यांनाही १०. वाहतूक-फिटिंगचा सामायिक खर्च बाजूला ठेवून, गुंतलेल्या पैशाच्या प्रमाणात वाटायचं तर तुमचे १२.८ आणि त्यांचे ७.२ होतात. मी असं म्हणत नाही की हाच हिशेब बरोबर. लोखंडाच्या कामात त्यांची महागडी मशिनरी झिजत असेल, ते म्हणतील तिचं काय. रास्त प्रश्न आहे. ग्राहक ज्याने आणला त्याला वेगळे दोन टक्के काढून ठेवावेत का, हाही रास्त प्रश्न. मुद्दा असा, की हे बोलणं ऑर्डर घेण्याआधी व्हावं आणि दोघांनी आपापला खर्च उघडा करावा. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस इथेच लक्षात येतो. खर्चाचा कागद दाखवायला त्यांनी टाळाटाळ केली, तर त्यांच्याबरोबर जॉबवर्कच्या पलीकडे जाऊ नका. फ्रेम विकत घ्या, पैसे द्या, मोकळं व्हा. त्यातही कमीपणा नाही.

ग्राहकांचं काय? सहा गेले, आता सातवा जायला नको, हे तुमच्या मनात असणार. करारात एक कलम घाला : तुम्ही आणलेल्या ग्राहकाकडे त्यांनी लाकडी कामासाठी अमुक मुदतीपर्यंत परस्पर जायचं नाही, आणि उलटही. मुदत माफक ठेवा, कारण अवाच्या सवा मुदतीची बंधनं न्यायालयात टिकतीलच असं नाही. ती तुमच्याकडे कशी टिकतात ते वकिलाकडून समजून घ्या. पण कलमापेक्षा उपयोगी गोष्ट म्हणजे फिटिंगच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे असणं, आणि सहा महिन्यांनी ‘ड्रॉवर नीट चालतायत ना’ असा फोन तुमच्याकडून जाणं. जो ग्राहक तुम्हाला ओळखतो तो सहजासहजी पळवता येत नाही.

याहून मोठी एक युक्ती आहे : आपण काय करणार नाही ते जाहीर करणं. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढली, तेव्हा चिप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतःच्या डिझाइनच्या चिपाही विकत. त्यामुळे छोट्या डिझाइनवाल्यांना आपला आराखडा कारखान्याला देताना भीती वाटे, की हाच उद्या आपला स्पर्धक झाला तर? चँग यांची भूमिका होती : आम्ही फक्त इतरांच्या चिपा बनवू, स्वतःच्या नावाची विकणार नाही. एक अख्खी कमाई त्यांनी सोडून दिली. त्या बदल्यात जगभरच्या कंपन्यांनी आपले गुपित आराखडे त्यांच्या हवाली केले. एनव्हीडियासारख्या चिप डिझाइन करणाऱ्या कंपन्या स्वतःचा कारखाना न बांधता वाढू शकल्या त्या अशाच व्यवस्थेमुळे. तुमच्या बाबतीत हे फार सोपं आहे. तुम्ही वेल्डिंग विभाग काढायचा नाही, त्यांनी सुतारकाम काढायचं नाही, निदान पुढची दोन-तीन वर्षं. हे लिहून दिलंत तर दोघांच्याही मनातली अर्धी धास्ती कमी होईल. ते लिहून द्यायला कचरले तर ती माहितीही मोलाचीच.

आणि बाहेर पडायचा रस्ता आधीच आखा. हे अभद्र वाटतं, मला माहीत आहे. पण रस्ता नसेल तर माणसं भिंत फोडून बाहेर पडतात. सोनी आणि निन्टेन्डो या जपानी कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकत्र गेमचं सीडी-यंत्र काढायचं ठरवलं होतं. करारात सीडीवरच्या गेमचा ताबा कोणाकडे, या कलमावरून निन्टेन्डोला धास्ती वाटू लागली. १९९१ मध्ये एका प्रदर्शनात सोनीने यंत्र जाहीर केलं आणि लगोलग निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जाणार असल्याचं सांगून टाकलं. चारचौघांत अपमान झालेल्या सोनीने १९९४ मध्ये स्वतःचं प्लेस्टेशन आणलं आणि पुढची कितीतरी वर्षं निन्टेन्डोच्या नाकी नऊ आणले. वेगळं होणं अटळ असेलही, पण असं वेगळं होण्याची किंमत फार पडते. तुमच्या कागदावर साध्या चार गोष्टी पुरतील : किती दिवसांची नोटीस, हातातली ऑर्डर कोण पूर्ण करणार, जिग आणि ड्रॉइंग कोणाकडे राहणार, येणी कोण वसूल करून कशी वाटणार.

हे कलम भावाकडून लिहून घ्या. त्यांना भागीदारीत भांडणच दिसतं ना? मग या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस नाही. काय काय बिघडू शकतं याची यादी ते एका बैठकीत करतील.

सहकार्य करून शेवटी मिळतं काय, असंही तुम्ही विचाराल. नफा थोडा वाढतो, मोठी कामं घेता येतात, हे तर आहेच. पण खरी कमाई वाईट दिवशी दिसते. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या कारिया शहरात आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये लागणारा एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असे, आणि टोयोटाकडे साठा अगदीच थोडा. काही दिवसांत टोयोटाच्या जपानमधल्या जवळजवळ सगळ्या लाइन बंद पडल्या. मग सुमारे २०० कंपन्या तो व्हॉल्व्ह बनवायला पुढे आल्या. बऱ्याच जणांनी तो आयुष्यात कधी बनवला नव्हता. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही त्यात भाग घेतला. आयसिनने आपली ड्रॉइंग वाटली, भाव किती आणि हक्क कोणाचा यावर घासाघीस करत कोणी बसलं नाही, आणि आठवडाभरात उत्पादन बहुतांश पूर्ववत झालं. आधीच्या अनेक वर्षांचे व्यवहार होते आणि पुढेही व्यवहार होणार याची खात्री होती, म्हणून ते बिनबोभाट झालं. पैसे नंतर मिळतील हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते मिळालेही.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगायला लोक विसरतात. एका सुट्या भागासाठी एकाच कारखान्यावर विसंबल्यामुळे टोयोटासारखी कंपनी अडली होती. एकाच साखळीवर वर्षभर विसंबलेल्या १४ माणसांच्या कारखान्याचं काय होईल? आणि तिथे तुमच्यासाठी धावून येणारे २०० जण नसतील, कारण बाकी ग्राहकांना तुम्हीच वर्षभर ‘नाही’ म्हटलेलं असेल.

एक सावधगिरीची सूचना. ‘जशास तसे’ हा नियम मूळ खेळात जिंकला, पण त्या खेळात चूक आणि दगा यांत घोटाळा होत नव्हता. नंतरच्या संशोधनात खेळात मुद्दाम चुका मिसळल्या, चुकून ‘साथ’च्या जागी ‘दगा’ जाऊ दिला, तेव्हा दोन ‘जशास तसे’ खेळाडू एकमेकांवर सूड उगवत बसले आणि दोघांचंही नुकसान झालं. अधूनमधून एखादी चूक पोटात घालणारे खेळाडू त्यांच्यापेक्षा पुढे गेले. खऱ्या धंद्यात माल उशिरा येतो तो बहुतेक वेळा ट्रक बंद पडल्यामुळे, तुम्हाला फसवायला नव्हे. पहिल्यांदा उशीर झाला तर फोन करून कारण विचारा. दुसऱ्यांदा झाला तर लिहून कळवा. तिसऱ्यांदा पुढची ऑर्डर लहान करा. पेमेंट मात्र एकदाही त्यांच्या आधी उचलून घेऊ नका, आणि त्यांनाही घेऊ देऊ नका. ग्राहकाचा पैसा आल्याच्या दोन दिवसांत ठरल्याप्रमाणे वाटला गेला पाहिजे. त्यात माफी नाही.

साखळीला काय कळवायचं ते आता सांगतो. तुमच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत माल द्यायची तयारी दाखवा. कच्च्या मालापुरता ॲडव्हान्स मागा आणि बाकीचं पेमेंट ३० दिवसांत. ‘दुसऱ्या कोणाला नाही’ ही अट त्यांच्या डिझाइनपुरती मान्य करा : त्यांचं डिझाइन तुम्ही दुसऱ्याला विकणार नाही, हे रास्त आहे. त्याहून जास्त हवं असेल तर दर महिन्याला किमान इतका माल उचलूच आणि नाही उचलला तरी पैसे देऊ, असं त्यांनी लिहून द्यावं. भाव कमी करण्यावर मी इतका अडून बसणार नाही. वेळेवर येणारा कमी भाव हा उशिरा येणाऱ्या चांगल्या भावापेक्षा पुष्कळदा बरा पडतो. ते ‘विचार करून सांगतो’ म्हणतील. म्हणू द्या. तुमच्यासारखा माल वेळेवर देणारे त्यांना रोज भेटत असते तर ते वर्षभराची क्षमता बांधून घ्यायला आले नसते.

दोन्हीकडच्या बोलण्यांचा क्रमही सांभाळा. साखळीला हे पत्र आधी पाठवा, कारखानदारांशी ऑर्डरचं बोलणं त्यानंतर दोन-चार दिवसांनी. साखळीने नकार कळवला, तर ते खोटं बोलून लपवू नका, पण आपण होऊन लगेच सांगायलाही जाऊ नका. तुमच्याकडे दुसरा पर्याय उरला नाही असं दिसलं की अर्ध्या-अर्ध्या कंपनीचा आग्रह पुन्हा सुरू होईल, आणि या वेळी जरा चढ्या आवाजात.